सैन्यातून येऊन वीस वर्षं झाली, आणि आता आबा रात्री ओरडत उठतात

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. अशाच घरांतल्या इतरांनाही उत्तर उपयोगी पडावं म्हणून आधी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. तुमचे आबा ६३ वर्षांचे. पायदळात हवालदार होते. शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत जाऊन आले, पुढे काश्मीर खोऱ्यात दोन वेळा पोस्टिंग झालं. २००३ मध्ये पेन्शन आले. नंतर शेती, डेअरी, भरतीला जाणाऱ्या पोरांना पहाटे पळवणं, असं सगळं सुरळीत चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी तुमचा धाकटा भाऊ हायवेवर मोटारसायकलच्या अपघातात गेला आणि ओळख पटवायला आबाच पुढे झाले. तेव्हापासून ते रात्री ओरडत उठतात, झोपेत आईला दोनदा लाथ बसली, दाराची कडी रात्रीतून चार-चार वेळा बघून येतात, गणपतीत डॉल्बी लागला की रानातल्या खोपीत जाऊन बसतात. आधी आठवड्यातून दोनदा दोन पेग होते, ते आता रोज अर्ध्या बाटलीवर गेलंय. काका म्हणतात वय झालं, आई म्हणते पोराचं दुःख आहे, आबा म्हणतात "मला काय झालंय?" तुमचे प्रश्न तीन: इतक्या वर्षांनी पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मनाला जडणारा आजार) होतो का, या वयात उपचाराचा उपयोग होईल का, आणि मानसोपचाराचा कागद झाला तर पेन्शनला धक्का लागेल का.

शेवटच्याचं उत्तर आधी देते, कारण त्या भीतीपायी कितीतरी माणसं दवाखान्याची पायरी चढत नाहीत. नाही लागणार. निवृत्तीनंतर मानसोपचार घेतले म्हणून सेवेची पेन्शन कमी होत नाही की थांबत नाही. ही भीती येते ती नोकरीतल्या दिवसांतून. फौजेत तब्येतीची प्रतवारी 'शेप' (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांवर होते, आणि त्यातलं पहिलंच अक्षर, एस, मनाच्या तब्येतीचं. तिथे कॅटेगरी खाली गेली की पोस्टिंग अडतं, प्रमोशन अडतं. म्हणून झोप लागत नाही ही गोष्ट एमओसाहेबांना, म्हणजे फौजेतल्या डॉक्टरांना, सांगायची नसते, हे जवान पहिल्या दोन-तीन वर्षांत शिकतो. पेन्शन आल्यावर कारण संपतं, सवय मात्र अंगात राहते. आबांना हे तुम्ही स्पष्ट सांगा, आणि दोनदा सांगा.

आता पहिला प्रश्न. हो, इतक्या वर्षांनीही होतो. पत्रावरून मी निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेलं चित्र माझ्या फार ओळखीचं आहे. गेली पंचवीसेक वर्षं सातारा-कऱ्हाड भागात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करताना दर महिन्याला असा एखादा तरी माणूस समोर बसलेला असतो.

पीटीएसडी हे नाव १९८० मध्ये अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत आलं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवामागोमाग. पहिल्या महायुद्धात त्याला शेल शॉक म्हणत. आजार त्याहून जुना आहे, आणि आपल्याकडेही आहे. आपल्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी या गावी पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. परत आलेल्यांविषयी मात्र घरातल्या बायकांनाच विचारावं लागतं. मी नवीन असताना एका आजींनी सासऱ्यांबद्दल सांगितलं होतं, "बसऱ्याहून (म्हणजे इराकच्या आघाडीवरून) आले ते गप झाले." त्या दोन शब्दांत निदान पुरेसं होतं.

लक्षणं चार तऱ्हेची असतात. घडलेलं परत परत समोर येणं: स्वप्नात, किंवा जागेपणी एखाद्या वासाने, आवाजाने. त्या आठवणीला नेणाऱ्या गोष्टी टाळत राहणं, म्हणजे तुमच्याकडची रानातली खोप. मन आक्रसणं: कशात रस नाही, जवळच्यांबद्दल माया वाटेनाशी होणं, सगळा दोष स्वतःवर घेणं. आणि अंगातला पहारा न उतरणं, म्हणजे रात्रीची कडी, दचकणं, चटकन चढणारा राग. हे सगळं महिन्याहून जास्त टिकलं आणि त्यात रोजचं जगणं अडलं, तर त्याला पीटीएसडी म्हणायचं.

इथपर्यंत तुम्हाला कोणीही सांगेल. मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे, आणि ते मी स्वतःच्या चुकीतून शिकले.

काही वर्षांपूर्वी पाटण तालुक्यातले एक निवृत्त नायब सुभेदार माझ्याकडे यायचे. (ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) त्यांनाही श्रीलंकेची स्वप्नं पडत. रस्त्यावर पुढची गाडी सुरुंगावर गेलेली, त्यांची गाडी मागे. मी पाच-सहा बैठका त्या एका रस्त्यावरच होते. स्वप्नं थोडी कमी झाली आणि मग गाडं अडलं. एक गोष्ट ते दर वेळी सांगायचे आणि मी दर वेळी सोडून द्यायचे: स्वप्नात ते गाडीतून माणसं ओढून काढत नसत, हातांनी माती उकरत असत. प्रत्यक्षात त्या दिवशी त्यांनी माती उकरलीच नव्हती. स्वप्नात काय, काहीही मिसळतं, असं म्हणून मी पुढे जायचे.

मग एका दुपारी आमचं बोलणं चालू असताना बाहेरून उसाची ट्रॉली गेली. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हललं. मी पापणी लवेपर्यंत ते खुर्चीतून उठून दाराच्या चौकटीत जाऊन उभे होते, दोन्ही तळवे चौकटीला टेकलेले. मी बसल्या जागेवरून विचारलं, "साहेब, आत्ता कुठं आहात?"

म्हणाले, "कोयनेत."

११ डिसेंबर १९६७. ते सहा वर्षांचे होते. पहाटे अंधारात कोयनेचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली. त्यांच्या घराची मागची भिंत पडली आणि तिच्याखाली धाकटी बहीण होती. वडील हातांनी माती उकरत होते आणि या पोराच्या हातात त्यांनी कंदील दिला होता. "हलवू नको म्हणाले. पण माझा हात हलत होता, मॅडम. उजेड एका जागी राहत नव्हता."

बहीण वाचली नाही. उजेड हलला म्हणून वाचली नाही, हे त्या सहा वर्षांच्या पोराने मनात ठरवलं. ते त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. वीस वर्षांनी श्रीलंकेतल्या त्या रस्त्यावर त्यांना हुकूम होता तो मागे थांबून कव्हर देण्याचा. त्यांनी तो चोख पाळला. पण दोन्ही वेळा दुसरी माणसं जीव खाऊन धडपडत होती आणि हे हातात काहीतरी धरून उभे होते. दोन जखमा एकमेकींत शिवल्या गेल्या होत्या आणि मी एकीचेच टाके बघत होते. त्यात कोयनेच्या खोऱ्यात आजही लहान धक्के बसत राहतात. मांडणीवरची भांडी वाजतात, गावाला त्याचं काही वाटत नाही, त्या माणसाचं शरीर मात्र प्रत्येक वेळी १९६७ मध्ये जाऊन येत होतं.

तेव्हापासून मी फौजी माणसाला पहिल्याच भेटीत "लढाईत काय झालं?" असं विचारत नाही. पहिल्यापासून विचारते. घर कसं होतं, वडील कसे होते, दुष्काळ बघितला का, घरात कुणी अचानक गेलं का, विहीर, साप, वीज, मार. मग भरती, ट्रेनिंग, फील्ड. मग पेन्शन आल्यानंतरचं. यासाठी एक साधी रीत आहे, जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञांनी घडवलेली, आणि आपल्या माणसांना ती चटकन पटते. टेबलावर सुतळी पसरायची, एक टोक जन्माचं. चांगल्या गोष्टीला फूल ठेवायचं, वाईटाला खडा. आमच्याकडे फूल म्हणजे झेंडू, खडे दवाखान्याच्या अंगणातले. बोलायला तयार नसलेला हवालदारही खडे ठेवतो. कुठला खडा मोठा घेतो, कुठला उचलून परत टोपलीत टाकतो, कुठल्या जागी हात नुसता थांबतो, ते बघायचं. पाटणच्या साहेबांनी आमच्याकडचा सगळ्यात मोठा खडा घेतला आणि तो सुतळीच्या सुरुवातीपासून चार बोटांवर ठेवला.

हे माझ्या एकटीच्या ओपीडीतलं निरीक्षण नाही. अमेरिकेत २०११ मध्ये ३,१५७ माजी सैनिकांची देशभरातली पाहणी झाली. त्यात लढाईबरोबर आयुष्यातले सगळेच आघात विचारले होते. १०० पैकी ८७ जणांच्या वाट्याला किमान एक मोठा आघात आलेला होता, आणि सरासरी काढली तर माणशी तीनाहून जास्त. सगळ्यात जास्त जणांनी सांगितलेला आघात लढाईचा नव्हता; तो होता जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू. आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडीची लक्षणं पुरी भरलेले होते सुमारे ८ टक्के. तिथली फौज वेगळी, समाज वेगळा. आकडे उचलून इथे चिकटवू नयेत. पण दोन गोष्टी त्यातून उघड दिसतात. एक, आघात झालेल्यांपैकी बहुसंख्य माणसं आजारी पडत नाहीत, त्यामुळे प्रत्येक फौजी म्हणजे मनाने जखमी असं समजणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. दुसरी, जे आजारी पडतात त्यांचं कारण फक्त सीमेवर शोधलं तर अर्धं हातातून निसटतं. आघात एकमेकांवर साचत जातात. लहानपणी घर कोसळलेला, मार खाल्लेला, आई लवकर गेलेला माणूस रणात जातो तेव्हा तो कोऱ्या पाटीने जात नाही.

आता हे आबांना लावून बघा. घरात दोन तट पडलेत: काका म्हणतात वय, आई म्हणते पोराचं दुःख. तुम्ही मध्ये विचारताय, की हे श्रीलंकेचं आहे? माझ्या मते यातलं एकच निवडायला जाऊ नका. ज्या बापाने तरुण वयात सोबतीच्या पोरांचे देह उचललेत, त्यालाच साठीत स्वतःच्या पोराचा देह ओळखायला शवागारात जावं लागलं. मेंदूला या दोन वेगळ्या खोल्या नसतात. शिवाय मुलाचा अपघाती मृत्यू हा स्वतःच निदानात बसणारा आघात आहे, श्रीलंका मध्ये आणायचीही गरज नाही. इथे तो जुन्या दारावर येऊन आदळला.

मग वीस वर्षं काहीच कसं नव्हतं? खरंच नव्हतं का, ते आईंना विचारा, आणि एकट्या असताना विचारा. माझ्या अनुभवात बायको सांगते: "पहिल्यापासून भिंतीला पाठ लावून जेवतात. एसटीत मागच्याच सीटवर बसतात. दिवाळीत फटाके पोरांना आणून द्यायचे, पण स्वतः घरात." उशिरा येणारा पीटीएसडी बहुतेक वेळा अगदी शून्यातून उगवत नाही, थोडी लक्षणं आधीपासून असतात, ती कामाखाली दाबलेली असतात. पहाटे चारला उठून दहा किलोमीटर पळणारा, दिवसभर रानात राबणारा माणूस रात्री दमून पडतो, आणि दमणं हे फार जुनं औषध आहे. मग गुडघे कुरकुरतात, पळणं सुटतं, दुसरी नोकरी संपते, बरोबरीचे मित्र जाऊ लागतात, एखादा मोठा घाव बसतो. झाकण ठेवायला लागणारी ताकद कमी पडते. व्हिएतनाममध्ये लढलेल्यांच्या म्हातारपणात हे डॉक्टरांनी बारकाईने पाहिलेलं आहे.

एक मात्र बजावून सांगते. रात्री ओरडणं आणि लाथा मारणं म्हणजे पीटीएसडीच, असं धरून चालू नका. साठीनंतर झोपेतच स्वप्न हातापायांनी खेळणारा एक वेगळा विकार असतो, आणि तो काही वेळा पुढे येणाऱ्या कंपवाताची पहिली खूण असतो. मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं असेल तर त्यानेही माणूस घाबरून उठतो. थायरॉइड, साखर, स्फोटाजवळ राहिल्याने डोक्याला बसलेला मार, कानात सतत गूं आवाज, विसरभोळेपणाची सुरुवात: हे सगळं तपासायला लागतं. म्हणून पहिली भेट तासाभराची असावी आणि रक्त-लघवीच्या तपासण्या व्हाव्यात. "टेन्शन आहे" म्हणून दोन मिनिटांत चिठ्ठी लिहिली तर दुसरीकडे जा.

दारूचं आता लिहिते, आणि हे आजच वाचून दाखवा. रोज अर्धी बाटली पिणाऱ्याची दारू घरच्यांनी एका दिवसात बंद करायची नाही. बाटल्या ओतून दिल्या, कोंडून ठेवलं, आणि दोन-तीन दिवसांत फिट आली किंवा भ्रम होऊन जिवावर बेतलं, असं मी बघितलंय. हात थरथरणं, घाम, नसलेलं दिसणं सुरू झालं तर थेट दवाखाना. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि दारूवरून भांडण नको. तो माणूस झोप विकत घेतोय. पहिले दोन तास दारू झोपवते, मग पहाटेची स्वप्नं आणखी भडक करते, मग दुसऱ्या रात्री जास्त लागते. हे चक्र आबांना शांतपणे समजावलं तर समजतं. फौजी माणसाला कारण कळलं की तो शिस्त पाळतो.

गावच्या डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी तुम्ही लिहिलीय. ती अल्प्राझोलमच्या घराण्यातली आहे. पीटीएसडीत या गोळ्या सुचवल्या जात नाहीत: आजार हलत नाही, सवय लागते, दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो, आणि साठीच्या माणसाला रात्री उठताना पाडतात. पण रोज घेत असतील तर याही एकदम थांबवायच्या नाहीत, उतरवत न्यायच्या.

रात्री काय करायचं ते आईंना सांगा. ते ओरडले तर अंगाला हात लावून हलवायचं नाही, तोंडाजवळ वाकायचं नाही. दिवा लावायचा, पायाच्या बाजूला चार पावलं लांब उभं राहायचं आणि नेहमीच्या आवाजात, कुजबुजत नाही, नावाने हाक मारायची: "तुम्ही घरी आहात, मी आहे, पहाटेचे तीन वाजलेत." जागे झाले की पाणी द्यायचं, पाय जमिनीला टेकवून बसवायचं. "काय दिसलं?" असं त्या वेळी विचारायचं नाही. काही दिवस दोन खाटा वेगळ्या केल्या तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आईंना लाथ बसली याचं आबांना किती वाटत असेल याची तुम्हाला कल्पना नसेल. बरेच जण त्यापायीच झोपायचं टाळतात.

आणि घरच्यांनी कोपऱ्यात बसवून "बोलून टाका, मोकळं व्हा" असा आग्रह धरायचा नाही. उपचारात आम्ही तेच करतो असं वाटेल, पण त्यात फरक आहे. तिथे किती बोलायचं, कुठं थांबायचं, नंतर शरीर कसं शांत करायचं, हे ठरलेलं असतं. घरी अर्धवट उघडलेली गोष्ट रात्री त्यांच्या एकट्याच्या उशाला येते.

उपचाराचा उपयोग होतो का? होतो, या वयातही होतो. आज जगभर पहिली शिफारस गोळीची नसून आघातावर थेट काम करणाऱ्या बोलण्याच्या उपचारांची आहे. एकात ती आठवण सुरुवातीपासून शेवटपर्यंत, वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगायची. बैठक रेकॉर्ड करून घरी ऐकायची. आणि टाळलेल्या जागांची उतरंड करून एकेक पायरी चढायची. कऱ्हाडच्या एका सुभेदारांची पहिली पायरी होती सकाळी सातला रिकाम्या एसटी स्टँडवर दहा मिनिटं बसणं, आणि शेवटची गुरुवारच्या बाजारात भर गर्दीत भाजी घेणं. तिथपर्यंत जायला अकरा आठवडे लागले. दुसऱ्या पद्धतीत, साधारण बारा बैठकांत, अडकून बसलेला एक विचार धरतात आणि त्याची उलटतपासणी करतात. पाटणच्या साहेबांचा विचार होता, "माझा हात हलला म्हणून ती गेली." मी त्यांना सांगितलं, तुमच्या सहा वर्षांच्या नातवाच्या हातात रात्री कंदील द्या आणि बघा. तो त्यांनी खरंच दिला, घरच्या अंगणात. पुढच्या भेटीत म्हणाले, "दोन मिनिटांत पोराचा हात दुखायला लागला, मॅडम. मी खाली ठेव म्हणालो." मग बराच वेळ रडले. आमच्या सगळ्या बैठकांत त्या दिवशी सगळ्यात जास्त काम झालं. डोळ्यांच्या हालचालींबरोबर आठवणीवर काम करण्याची ईएमडीआर ही तिसरी पद्धतही चांगली आहे. तिचं शिक्षण घेतलेले लोक पुण्यात सहज सापडतात.

गोळ्यांत सर्ट्रालिन आणि पॅरोक्सेटिन या दोन अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळालेल्या आहेत. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, पहिल्या पंधरवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. साठीनंतर यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून सुरुवातीला तपासून घ्या. भीतिस्वप्नांसाठी प्राझोसिन देतात. २०१८ मध्ये ३०४ माजी सैनिकांवरच्या चाचणीत ते नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, तरी काही जणांना त्याने झोप मिळताना मी पाहिलीय. आबांचं बीपी उठल्यावर खाली जात असेल तर मात्र मी देणार नाही. एक खरं सांगते: सगळे पूर्ण बरे होत नाहीत. बऱ्याच जणांचं एखादं स्वप्न, एखादा दचका राहतो. पण सलग पाच तास झोप, बायकोशी बोलणं, नातवाला घेऊन बाजारात जाणं, एवढं परत मिळवलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत.

यातलं एक काम आजच करा. आबांकडे परवान्याची बंदूक असेल, पेन्शननंतर बँकेत गनमन होते त्यांच्याकडे ती बऱ्याचदा असते, तर ती काही दिवस कुठे ठेवायची हे त्यांच्याशी बोलून, नियमाने ठरवा. आणि गोठ्यातली कीटकनाशकं कुलपात घाला. मुलगा गेलाय, झोप नाही, दारू आहे. हे तिन्ही एकत्र असताना मी थांबत नाही. "आबा, जीव नकोसा वाटतो का?" हे सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट असलेला बाहेर यायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात आणा. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात आणि पैसे लागत नाहीत. सैन्यातल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचाच एक वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) सुरू झाला.

पैशांचं थोडक्यात. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन मानसोपचार होतात, आईंनाही. नोकरीतल्या आघातामुळे अपंगत्वाची पेन्शन मिळू शकते का, हा वेगळा आणि लांबचा विषय. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंह यांच्या खटल्यात सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे आला असं गृहीत धरायचं आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. पण आबा आजारामुळे नाही, मुदत संपवून आलेत, आणि मध्ये वीस वर्षं गेलीत. त्यामुळे आशा लावून बसू नका. डिस्चार्ज बुक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा विचारा, आणि उपचार त्याच्यासाठी थांबवू नका.

तुमच्या पत्रात आई दोनच ओळींत आहेत. त्यांचाही मुलगा गेलाय. नवरा सुट्टीवर येईल की तार येईल या काळजीत त्यांनी तरुणपण काढलं, आणि आता रात्री जागत आबांना सांभाळतात. पहिल्या भेटीला त्यांना घेऊन या. मी त्यांच्यासाठी वेगळा अर्धा तास ठेवते, आणि सुतळी त्यांच्याही पुढे ठेवते.

आबांना आणायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी अडचण तीच असते. "मानसोपचार" हा शब्द काढू नका, खोटंही बोलू नका. "आबा, झोप होत नाही आणि आईला लागतंय, झोपेच्या डॉक्टरांना दाखवू," हे खरं आहे आणि त्यांना पटण्यासारखं आहे. त्यांच्या पलटणीतला कुणी आसपास असेल तर त्याला बरोबर घ्या. मुलांचं ऐकणार नाहीत, पण "चल, मीही गोळी खातो" म्हणणाऱ्या जुन्या सोबत्याचं ऐकतात. डिस्चार्ज बुक, आत्ता चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आणि आठ रात्रींची साधी नोंद आणा: किती वाजता झोपले, किती वाजता उठले, किती प्यायले. सकाळची पहिली वेळ घ्या, तेव्हा बाहेर गर्दी नसते. आणि आल्यावर त्यांना आधी खुर्ची निवडू द्या. माझ्या खोलीत भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड असलेली एक खुर्ची मुद्दाम ठेवलेली आहे. ते तीच घेतील.